वाचकांचे प्रश्न : भाकरीचा पहिला घास सातव्या आठवड्यात

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनबद्दल मागच्या अंकात मी चारच ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेली पत्रं टेबलावर पसरून बसले आहे. औसा, जिंतूर, अंबाजोगाई, परभणी, उदगीर, निलंगा. जवळपास प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच विनंती: नाव छापू नका. नावं छापत नाही. माझी ओळख मात्र सांगते, म्हणजे ही उत्तरं कुठून येतात ते कळेल. लातुरात मी एकोणीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, आणि २०१७च्या जानेवारीत माझं स्वतःचं स्लीव्हचं, म्हणजे जठर लहान करण्याचं, ऑपरेशन झालं. तेव्हा वजन १०९ किलो होतं, आज ७६ आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. वय ३४, उंची पाच फूट एक इंच, वजन १०४. चार वर्षांपासून शुगर आहे, गुडघे धरतात. तीनदा डाएट करून दहा-दहा किलो उतरवले, तीनदा परत आले. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलंय. सासूबाई म्हणतात, "चांगलं पोट कापून घ्यायलीस व्हय? चार दिस भाकर कमी खा की." नवरा तयार आहे, पण म्हणतो, कुणाला सांगायचं नाही, पिशवीचं ऑपरेशन झालं म्हणू. मी काय करू?
(एक भगिनी, औसा तालुका)

उत्तर : ताई, आधी सासूबाईंचं बोलणं घेऊ, कारण तेच तुम्हाला लागलंय. चार दिवस भाकरी कमी खाऊन जे होतं ते तुम्ही तीनदा करून बघितलंत. वजन परत आलं यात तुमचा आळस नाही. वजन उतरलं की शरीर ते भरून काढायला बघतं, भूक वाढवतं, बसल्या जागी जळणारी ऊर्जा कमी करतं. वजनाने शंभरी ओलांडल्यावर नुसत्या निग्रहावर वर्षानुवर्षं टिकणारे फार थोडे. दिवसभर लोकांना आहार लिहून देणारी मी, मलाही ते जमलं नाही.

आता तुमचा हिशोब. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. १०४ ला २.४० ने भागलं की बीएमआय येतो ४३. १९९१ पासून जगभर ऑपरेशनसाठी ४० ची, किंवा शुगर-बीपीसारखे आजार असतील तर ३५ ची रेघ धरत. २०२२ मध्ये या ऑपरेशनच्या डॉक्टरांच्या अमेरिकी आणि जागतिक संघटनांनी ती खाली आणली. आपल्यासारख्या आशियाई लोकांना कमी वजनातच शुगर गाठते, म्हणून आपल्यासाठी २७.५ पासून ऑपरेशनचा विचार करावा असं त्यात आहे. कुठल्याही रेघेने बघितलं तरी तुम्ही त्यात बसता.

स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात, उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. निघून गेलेल्या भागातच भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक जास्त तयार होतं, म्हणून पहिले काही महिने भूक अशी लागतच नाही. बायपासमध्ये जठराची लहानशी थैली करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. शुगरवर बायपासचा जोर सहसा जास्त. छातीत जळजळ आणि आंबट पाणी वर येण्याचा जुना त्रास असेल, तर स्लीव्हने तो वाढू शकतो, हे डॉक्टरांना नक्की सांगा. शुगर चार वर्षांचीच आहे ही जमेची बाजू. ती जितकी नवी, तितकी गोळ्यांशिवाय ताब्यात येण्याची शक्यता मोठी. कायमची गेली असं मात्र कुणी सांगितलं तर मानू नका, तपासणी चालूच ठेवायची.

आणि आता "पिशवीचं ऑपरेशन". ताई, हे करू नका. हात जोडून सांगते.

तिसऱ्या दिवशी तुम्ही घरी याल. जाऊबाई मायेने शिरा आणतील, मावशी म्हणेल, दोन घास तरी खा गं, अंगात बळ कसं येणार. तुमच्या जठराचे टाके तेव्हा ताजे असतील आणि पहिले दोन आठवडे फक्त पातळ घ्यायचं असेल. किती वेळा आणि काय सांगून नाही म्हणाल? त्याहून मोठी भीती रात्रीची. टाक्यातून गळती झाली तर पोट किंवा डावा खांदा दुखतो, ताप येतो, दम लागतो, नाडी १२० च्या वर जाते. असं फार थोड्यांना होतं, पण झालं तर तास मोजावे लागतात. तुम्हाला गाडीत घालून नेणारा दीर जर डॉक्टरांना "वहिनींची पिशवी काढलीय" म्हणाला, तर तपास भलत्याच वाटेने जाईल.

गावाला सांगू नका, भावकीला सांगू नका. पण घरात जी चूल सांभाळते तिला सगळं सांगा. तुमच्या घरात त्या सासूबाई आहेत. मी माझ्या सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे तू आता जेवणारच नाहीस?" मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं, चटणीची वाटी काढली आणि म्हटलं, "आई, एवढं जेवणार. पण रोज आणि जन्मभर." त्या वाटीवर त्यांनी खिळ्याने माझ्या नावाचं पहिलं अक्षर कोरून घेतलं. ऑपरेशननंतर खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने पाणी मोजून द्यायच्या, दर पंधरा मिनिटांनी ३० मिली, फोनमध्ये गजर लावून. पोट कापून घेणं त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. गजर मात्र त्यांनी एकदाही चुकवला नाही.

तयारीचं थोडक्यात. ऑपरेशनच्या आधीचे साधारण दोन आठवडे भाकरी, भात, साखर बंद. मुगाचं पातळ वरण, ताक, पनीर, अंडी, भाज्या. जठरावर यकृताचा डावा भाग पसरलेला असतो. त्यात चरबी असेल तर तो फुगलेला असतो आणि दुर्बिणीने काम करताना आडवा येतो. या आहाराने तो आक्रसतो. त्या दिवसांत शुगरच्या गोळ्यांचा डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्या, नाहीतर चक्कर येऊन पडाल. एंडोस्कोपी, सोनोग्राफी, थायरॉईड, बी-१२, डी, लोह या तपासण्या होतीलच. वजनासाठी इंजेक्शन चालू असेल तर भुलीच्या डॉक्टरांना सांगा, त्याने जठर उशिरा रिकामं होतं. आणि मिश्री लावत असाल तर तीही सांगा. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बाया तंबाखू नाही म्हणतात आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. मिश्री तंबाखूचीच असते.

प्रश्न : वय ४६, वजन १३८, उंची पाच फूट सात. घोरण्याने घरचे उठून बसतात. दिवसा झोप येते, मागच्या महिन्यात ट्रॅक्टरवर डुलकी लागली. तंबाखू वीस वर्षांपासून. सोयाबीन आणि कापूस आहे. ऑपरेशन कधी करावं? खर्च किती, विमा मिळतो का?
(एक शेतकरी, जिंतूर)

उत्तर : दादा, ऑपरेशन नंतर. ट्रॅक्टर आजपासून पोराच्या हाती द्या. तुमचं वर्णन झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराचं आहे. रात्रीची झोपेची तपासणी करून घ्या. आजार निघाला तर हवा देणारं मशीन लावून झोपायची सवय ऑपरेशनच्या आधीच लागली पाहिजे, भुलीतला धोका त्याने कमी होतो. तंबाखू किमान सहा आठवडे आधी बंद हवी. मी दोन महिने मागते, आणि पुढे कायमची. तंबाखूने जखम भरत नाही, बायपासच्या जोडावर अल्सर होतो.

कधी, तर सोयाबीनची रास झाल्यावर, दिवाळी करून. पुढे साधारण सहा आठवडे जड उचलायचं नाही, म्हणजे फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा नाही आणि पोती हलवायची नाहीत. कापूस वेचायला मजूर आधीच सांगून ठेवा. एप्रिल-मे शक्यतो टाळा, हे माझं स्वतःचं मत आहे. आपल्याकडे पारा ४२ ला टेकतो, रानातून आलं की माणूस तांब्या तोंडाला लावतो. नव्या जठरात तांब्याभर पाणी मावत नाही. दिवसाचं दीड-दोन लिटर घोटाघोटाने पुरं करावं लागतं, आणि उन्हाळ्यात ते मागेच पडतं. ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात सलाईनसाठी परत भरती होणारे पुष्कळ जण पाणी कमी पडलेलेच असतात.

खासगी रुग्णालयात साधारण अडीच ते पाच लाख धरा. विमा नियामकाच्या नियमाप्रमाणे बीएमआय ४० च्या वर असेल, किंवा ३५ च्या वर आणि सोबत ताब्यात न येणारी शुगर, श्वास अडकण्याचा गंभीर आजार किंवा हृदयविकार असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेलं हे ऑपरेशन विम्यात धरता येतं. वय १८ च्या वर हवं आणि आधीचे उपाय फसलेले असावेत. तुमचा बीएमआय ४८ च्या घरात आहे. जुन्या आजारांसाठी थांबण्याची मुदत संपली का ते पॉलिसीत बघा, आणि मंजुरी आधी लेखी घ्या. विकायची शेळी, मोडायची एफडी, सगळं त्यानंतर.

प्रश्न : ताई, बायपास होऊन तीन महिने झाले. केस पुंजक्याने गळायलेत. भाकरी जात नाही. दहा दिवसांपासून रोज उलटी होते, पायांना मुंग्या येतात. सासरी सांगितलं तर म्हणतील, आम्ही नको म्हणत होतो. सहन करू का?
(एक भगिनी, अंबाजोगाई)

उत्तर : हे पत्र हाती आलं त्याच संध्याकाळी मी या ताईंना फोन केला. पुढचं त्यांच्या परवानगीने लिहिते, कारण असं पत्र मला पहिल्यांदा आलेलं नाही.

रोजची उलटी आणि पायांना मुंग्या ही केसांच्या तक्रारीत गुंडाळून लिहायची गोष्टच नाही. बी-१ हे जीवनसत्त्व शरीरात दोन-तीन आठवडे पुरेल एवढंच साठतं. उलट्या चालू राहिल्या की ते संपतं, आणि मग नसा, चाल, नजर, स्मरणशक्ती यांना इजा होते, ती काही वेळा भरून येत नाही. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हे बोला: "माझं जठराचं बायपास झालंय, दहा दिवस उलट्या आहेत, आधी बी-१ द्या." साखरेची सलाईन त्याआधी लावली तर उरलंसुरलं बी-१ही खर्ची पडतं. या ताई दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या डॉक्टरांकडे पोचल्या. इंजेक्शनं मिळाली. एंडोस्कोपीत जठर-आतड्याचा जोड आक्रसलेला दिसला, तो फुग्याने रुंद केला. आता वरण-भात जातोय, मुंग्या कमी आहेत. टोमणे ऐकावे लागतील म्हणून दहा दिवस त्या गप्प राहिल्या. मी हे लिहिताना अजूनही अस्वस्थ होते. घरातल्या मंडळींनो, हे तुम्हीही वाचत असाल. "आम्ही नको म्हणत होतो" हे वाक्य ऑपरेशननंतर घरात कुणाच्याही तोंडून निघू देऊ नका. त्या एका वाक्यापायी बाई दुखणं दाबते.

केसांचं सांगते. झपाट्याने वजन उतरलं की तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. मुळं शाबूत असतात, वर्षभरात केस परत येतात. प्रथिनं आणि लोह कमी पडलं तर गळती लांबते. दिवसाला ६० ग्रॅम प्रथिनं तरी पोटात गेली पाहिजेत. एका अंड्यात ६, पेलाभर दुधात ६ ते ७, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९, मूठभर म्हणजे २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत १३. आपण तर डाळींच्या मुलखात राहतो. घट्ट वरण, मऊ पिठलं, शिजवून घोटलेली मटकी, दह्याचा चक्का. वाटीत आधी हे, जागा उरली तर भाजी, सगळ्यात शेवटी भाकरी. आपली जन्माची सवय बरोबर उलटी आहे, म्हणून ते अवघड जातं.

भाकरीबद्दल मात्र थोडं सविस्तर, कारण तिच्यासाठी माझाही जीव तळमळला होता. सातव्या आठवड्यात परवानगी मिळाली. सासूबाईंनी शाळूची भाकरी टाकली. तव्यावरून उतरल्यावर वरचा पापुद्रा सोडवला, वाफ निघून गेली, वरणात भिजवला. अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा मी तोंडात ठेवला आणि तीस वेळा चावला. ज्वारीची गोडी जिभेवर आली आणि माझे डोळे भरले. मग फोन वाजला. बोलता बोलता दुसरा तुकडा मी नेहमीसारखा गिळला. छातीच्या मधोमध मूठ आवळल्यासारखं झालं. तोंडात लाळ सुटायला लागली, फेसाळ, थांबेचना. पाणी प्यावंसं वाटतं, पण पाण्याला जायला वाट नसते, ते वर येतं. मी न्हाणीच्या दारात बसून राहिले. सासूबाई पाठीवर हात फिरवत होत्या. चाळीस मिनिटांनी तो तुकडा सरकला. तेव्हापासून जेवताना माझा फोन दुसऱ्या खोलीत असतो. जेवणासोबत पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. घास अडकला तर उभं राहायचं, हळू चालायचं, वर काही ढकलायचं नाही. असं आठवड्यातून एखाद्या वेळी झालं तर घाई कमी करा. रोज व्हायला लागलं तर डॉक्टर गाठा.

प्रश्न : लग्नाला पाच वर्षं झाली, पीसीओडीमुळे मूल नाही. ऑपरेशननंतर लगेच प्रयत्न करावा का?
(परभणी)

उत्तर : लगेच नाही. १२ ते १८ महिने थांबा. वजन उतरत असताना बाळाला पोषण कमी पडतं. पण सावध राहा, वजन उतरायला लागलं की पाळी सुधारते आणि दिवस अनपेक्षितपणे राहू शकतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, तांबीबद्दल डॉक्टरांशी बोला. मूल हवं असलेल्या बाईला तांबी बसवा म्हणणं कठोर वाटतं, मला कळतं. वर्ष-दीड वर्षाचीच गोष्ट आहे.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी स्लीव्ह. १२८ वरून ८४ झालो. आता ९१. जठर परत मोठं झालं का? पुन्हा ऑपरेशन लागेल का?
(उदगीर)

उत्तर : भाऊ, ४४ उतरले त्यातले सात परत आले. दुसऱ्या वर्षानंतर थोडं वजन वाढणं बहुतेकांच्या वाट्याला येतं. जठर थोडं सैलावतं, भूकही परत येते. पुन्हा ऑपरेशनचा विचार इतक्यात करू नका. पत्रासोबत तुम्ही दिवसभराचं खाणं लिहून पाठवलंत, ते बरं केलंत. सकाळी सुशीला (फोडणीचे चुरमुरे), अकराला चहा-बिस्किट, चारला चहा-फरसाण, रात्री दुकान बंद करून परत चहा. वरण आणि अंडं मात्र दिवसातून एकदाच. चुरमुरे, बिस्किट, फरसाण तोंडातच विरतात, नळीत थांबत नाहीत, म्हणून पोट भरल्याची जाणीव देत नाहीत. घट्ट डाळ थांबते. महिनाभर पहिला घास प्रथिनांचा घ्या, चहा दोनच आणि बिनसाखरेचा. मग वजन कळवा. शनिवारच्या बैठकीचंही तुम्ही मोकळेपणाने लिहिलंय. ऑपरेशननंतर दारू रक्तात लवकर आणि जास्त चढते, आणि तिची सवय लागण्याचा धोका वाढतो. ती बंदच करा. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही बंद, त्यांनी जठराला जखमा होतात.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेता का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. तिसऱ्या वर्षी मी सोडल्या होत्या. बरं वाटत होतं, रोज कशाला, असं म्हणत सोडल्या. आठ महिन्यांनी तळपाय रात्री जळायला लागले, वर्गात शिकवल्यासारखं लोकांना समजावून सांगताना शब्द आठवेनात. बी-१२ तळाला गेलं होतं. इंजेक्शनांनी भरून आलं, पण डाव्या पायाची दोन बोटं आजही बधिर आहेत. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, डी, कॅल्शियम सायट्रेट, पाळी चालू असलेल्या बायकांना लोह, हे जन्मभराचं आहे. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. वर्षातून एकदा रक्त तपासायचं, बरं वाटत असलं तरी.

प्रश्न : सून म्हणून विचारते. सासऱ्यांचं बायपास होऊन पाच महिने झाले. नवरात्रात ते तुळजापूरच्या देवीचे नऊ उपवास धरतात, आणि येळवशीला (वेळ अमावास्येला) रानात जेवल्याशिवाय राहत नाहीत. काय करू?
(निलंगा)

उत्तर : ताई, तुम्ही विचारलंत याचाच मला आनंद झाला. नऊ दिवसांचे उपवास यंदा नकोत. साबुदाणा, भगर, बटाटा यांत प्रथिनं फार कमी असतात, आणि साबुदाणा चिकट असल्याने अडकतो. काका ऐकणारच नसतील तर बसता-उठता असे पहिला आणि शेवटचा दिवस करू द्या. त्या दोन दिवसांतही दूध, ताक, दही, पनीर आणि शेंगदाण्याची पातळ आमटी दर दोन-अडीच तासांनी द्या. शुगरची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास नाही. भोप्यांना, देवीच्या पुजाऱ्यांना, विचारलंत तर तेही आजारी माणसाला सूट देतील.

येळवस मात्र करू द्या, जरूर न्या त्यांना रानात. आंबील उत्तम, पण पेलाभर एकदम नको, लहान पेल्यातून अर्ध्या तासात घोट घोट, आणि भज्जीच्या आधी. मग अर्धा तास पांडवांची पूजा, चर शिंपणं होऊ द्या. भज्जीत हरभरा, तूर, वाल, वाटाणा सगळं असतं, प्रथिनांसाठी त्याहून बरं काय मिळणार? मऊ शिजलेली चार चमचे भज्जी वेगळी काढा, टरफलं जाड असतील तर चमच्याने दाबून घ्या. उंडे (पिठाचे उकडलेले गोळे) यंदा राहू द्या, घट्ट असतात, अडकतील. खीर चमचाभर. बायपासवाल्याने गुळाची खीर वाटीभर खाल्ली की अर्ध्या तासात छातीत धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब. शेतात, घरापासून दोन कोस लांब, ते नको.

त्यांच्यासाठी लहान वाटी घरूनच न्या. रानात सगळे पत्रावळीवर जेवतील, त्यांनाही पत्रावळच मांडा आणि वाटी तिच्यावर ठेवा. एक स्टीलचा डबा रिकामा घ्या. आग्रह करणाऱ्या पाहुण्यांना सांगा की काकांचा वाटा डब्यात बांधला आहे, संध्याकाळी जेवतील. आणि खरंच बांधा, संध्याकाळी त्यातली चार चमचे भज्जी गरम करून द्या.